जाड शिवणीचा बॉल

माझी बोटं गप्प बसत नाहीत. जेवताना भाकरीचा काठ चाचपतात, दुकानात टॉवेलची किनार चाचपतात, सिग्नलला गाडी थांबली की हँडलच्या रबरावरून फिरत राहतात. तर्जनी आणि मधलं बोट शेजारी शेजारी, अंगठा खालून. बघणाऱ्याला वाटेल याला खाज सुटली आहे. आईला मात्र ठाऊक आहे. ती अक्कलकोटकडची, आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, आणि मला गप्प करायचं असलं की तिच्या तोंडून कानडीच येतं. "सुम्मने बस की!" लहानपणापासून मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य हेच असेल. मी ते एकदाही नीट पाळलेलं नाही.

मी बेसबॉलचा पिचर आहे. सोलापुरात असं सांगितलं की पुढचा माणूस "असं होय" म्हणतो आणि थोडा विचार करून विचारतो, "म्हणजे आपल्या बॉलरसारखं?" पूर्वी मी उभं राहून समजावायचो, की बॉल टप्पा न पाडता थेट बॅटवाल्याकडे टाकायचा असतो, त्याच्या मागे एक कॅचर बसलेला असतो, वगैरे. आता मी नुसता "हो" म्हणतो आणि चहाचं विचारतो. एवढं खरं, की आखातातल्या एका शहरात पैसे देऊन खेळवणाऱ्या लीगमध्ये मी एक हंगाम होतो. हंगाम म्हणायचा आपला. सामन्यात मी टाकलेले बॉल तीन. माझी सगळी व्यावसायिक कारकीर्द तीन बॉलांची आहे, आणि ती मी बसल्या जागी बोटांवर मोजू शकतो.

ते तीन बॉल मला फारसे छळत नाहीत. छळतो तो त्याच्या आधीचा, दहा वर्षं टाकलेला एक बॉल, ज्याच्या जोरावर मी तिथवर गेलो. तो खरंच माझा होता की नव्हता, हे मला कळायला हवं होतं. ते कळेपर्यंत माझा जीव ठिकाणावर नव्हता.

आठवीत मला क्रिकेटमधून हाकललं. माझं कोपर वाकायचं. वर्गातली पोरं "फेकी, फेकी" करून ओरडायची आणि एकदा तर विकेट पडली तरी माझीच पोरं नाचेनात. मी मैदानाच्या कडेला तोंड पाडून बसलो होतो. दुसऱ्या कोपऱ्यात आमचे खेळाचे सर फक्कीने पांढऱ्या रेघा मारत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "काय झालं रं?"

"सर, ते म्हणतात मी फेकतो."

"मग फेक की. हितं फेकणाराच पायजे हाय मला."

इतक्या साध्या रीतीने मी बेसबॉलमध्ये आलो. बाकीची बहुतेक पोरं दहावीच्या वाढीव मार्कांसाठी आली होती आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सरही उघडपणे सांगायचे, की जिल्हा खेळलात तर फायदा आहे, राज्य खेळलात तर नोकरीतसुद्धा आहे. पण बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून माझे बॉल धरायला कुणी तयार होईना. तेव्हा माझ्याच वर्गातला एकजण म्हणाला, "मी बसतो. मला बसायची सवय हाय."

तो पूर्व भागातला, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातला. त्याचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते आणि हा घरी बसून सुताच्या कांड्या भरायचा, म्हणून बसायची सवय. वडिलांच्या उंच सायकलवर, पाय पुरत नसताना तो मैदानावर यायचा. त्या दिवशी तो माझ्यासमोर बसला तो दहा वर्षं उठला नाही. पुढे वडिलांच्या जागी तोच कारखान्यात लागला, तरी पाळी संपली की अंगावरचा कापसाचा भुगा तसाच घेऊन मैदानावर हजर. मी त्याला कॅचरच म्हणायचो, अजून म्हणतो. त्याच्या आईलाही मी "कॅचर आहे का घरी" असंच विचारतो.

शाळेला वर्षाला सहा बॉल मिळायचे. आमचं मैदान मुरमाचं. चामड्याची शिवण महिन्याभरात उसवायची. सर म्हणायचे, टाकून द्या, दुसरा काढा. दुसरा काढून काढून कुठून काढणार? तेव्हा कॅचरने ते काम अंगावर घेतलं. उसवलेले बॉल तो घरी न्यायचा, टॉवेलच्या किनारीला वापरतात तो धागा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, आणि दोन सुयांनी पुन्हा शिवून आणायचा. सफाईदार काम. मी टॉवेलच्या दुकानदाराचा पोरगा, मला शिवण कळते. मला ती बघून बरं वाटायचं.

टॉवेल आमच्याकडे दुसऱ्याही कामाला लागायचा. सर कुठल्याशा शिबिरातून शिकून आले होते, की पिचरने हातात बॉल न घेता टॉवेल घ्यावा आणि बॉल फेकल्यासारखा तो झटकावा. खांद्यावर ताण येत नाही आणि हात वळतो. वडिलांचं चादरी-टॉवेलचं दुकान. विणताना बिघडलेला माल त्यांच्याकडे पडून असायचा, त्यातला एक टॉवेल माझा. मी रोज सकाळी गच्चीवर शंभर वेळा टॉवेल झटकायचो. वडील खालून म्हणायचे, "लोक टॉवेलनं अंग पुसतात, आमचं चिरंजीव हवा पुसतंय." आई म्हणायची, "सुम्मने बसायला सांगा की त्याला." मी झटकत राहायचो.

अकरावीत जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही माझ्यामुळे हरलो. माझा एक बॉल होता, जो सरळ येताना बॅटजवळ खाली पडायला हवा. इतर पोरांना कर्व्ह म्हणताना लाज वाटायची म्हणून कॅचरने त्याचं नाव पडका ठेवलं होतं. त्या दिवशी पडका पडला नाही. शेवटच्या बॅटवाल्याने तो आरामात उचलून बाभळीच्या पलीकडे मारला. मी हातातला ग्लोव्ह जमिनीवर आपटला, म्हणालो, संपलं, उद्यापासून येणार नाही, आणि खरोखर गेलो नाही. आठ दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. आईने देवघरातली घंटा उचलून ठेवली, कारण येता-जाता मी तीही वाजवत होतो.

नवव्या दिवशी कॅचर दारात आला. "एकदा फेक. मग सोड."

मैदानावर कुणी नव्हतं. त्याने पिशवीतून एक बॉल काढून दिला. मी चिडूनच फेकला. आणि बॉल पडला. असा पडला की त्याच्या ग्लोव्हखालून घरंगळत मागे गेला आणि तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा फेकला, पुन्हा पडला. मला वाटलं, रागाने माझं मनगट मोकळं झालं. पुढे अनेक वर्षं मी धाकट्या पोरांना हे सांगितलंय, की राग गिळू नका, मनगटात उतरवा. कॅचर शेजारी उभा राहून ग्लोव्हची दोरी आवळत असायचा.

त्यानंतर मी सुटलोच. विद्यापीठ, राज्य, दोनदा राष्ट्रीय. स्पर्धेतल्या नव्या बॉलांवर पडका जरा कमी पडायचा, पण पडायचा. आपल्याकडे बनणाऱ्या बॉलांची शिवणही तशी उभीच असते. कमी पडला की मी म्हणायचो, टेन्शन आलं. तो म्हणायचा, "व्हय, टेन्शनच ते." आई सर्टिफिकेटं लॅमिनेट करून पिशवीत ठेवत होती आणि कुठल्या खात्याची जाहिरात आली की ती पिशवी माझ्यासमोर आपटत होती. मी फॉर्म भरत नव्हतो. मला ऑफिसात बसायचं नव्हतं. मला कुठेच बसायचं नव्हतं.

मग ती लीग आली. आपल्या भागातले खेळाडू हवेत, व्हिडिओ पाठवा, असं सरांच्या फोनवर कुणीतरी कळवलं. सर मैदानावर कॅचरच्या मागे जाळीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी फोनवर माझे वीस बॉल टिपले. सरांनी नवा बॉल काढला होता. कॅचर म्हणाला, "नवा हाताला सरकतो सर, ह्योच घ्या," आणि आपल्या पिशवीतला दिला. वीसपैकी अठरा बॉल पडले. एक तर इतका, की सर फोनमागून "आयला" म्हणाले आणि ते व्हिडिओत तसंच गेलं.

महिन्याभराने निवड झाल्याचं पत्र आलं. आमच्या चौकात फ्लेक्स लागला. फ्लेक्स छापणाऱ्याकडे बेसबॉलचं चित्र नव्हतं; त्याने नेटवरून कुणा परदेशी खेळाडूचं धड घेतलं आणि त्यावर माझ्या आधार कार्डाचा चेहरा बसवला. धड डावखुरं होतं. खाली गल्लीतल्या सगळ्या शुभेच्छुकांचे फोटो, माझ्यापेक्षा मोठे. आईने पहिल्यांदाच नोकरीचं नाव काढलं नाही. कॅचर मला स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी हलेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिला, "गेल्या गेल्या तिकडचा बॉल बघून घे. हातात घेऊन बघ. लगेच फेकू नको." मी म्हटलं, बॉल तो बॉल, त्यात काय बघायचं.

तिथे पहिल्याच दिवशी बॉल हातात आला आणि माझी बोटं घसरली. गुळगुळीत, पांढरा, आणि शिवण चामड्यात बुडलेली. अंगठा फिरवला तर शिवण आहे की नाही कळेना. मी पडका टाकला. तो सरळ गेला. दुसरा टाकला, तोही सरळ. पिचरांना शिकवणारा प्रशिक्षक पिकल्या मिशांचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने खिशातून फोन काढून माझा व्हिडिओ पुन्हा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा जुळतोय का ते बघत असावा.

मग त्याने मला सरळ विचारलं, "तुमच्याकडे कुठल्या बॉलने खेळता?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी आजही मनात दहा प्रकारे देतो. खरं उत्तर सोपं होतं. आमच्याकडे बॉल कमी असतात, उसवले की आमचा कॅचर टॉवेलच्या धाग्याने शिवतो, त्याची शिवण याच्यापेक्षा बरीच उंच असते. एवढं म्हणालो असतो तर त्या माणसाने मला पहिल्यापासून शिकवलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भोवती इतर देशांचे सहा-सात पिचर उभे होते, एकेकाचे बूट आमच्या शाळेच्या किटबॅगेपेक्षा महाग. त्यांच्यासमोर मला सांगवेना, की आम्ही फाटलेला बॉल शिवून वापरतो.

"हाच," मी म्हणालो. "हाच बॉल."

प्रशिक्षकाने मान हलवली. म्हणजे दोष बॉलचा नाही, पोराचा आहे, असं त्याने धरलं आणि माझी पकड बदलली, पाऊल बदललं, खांदा बदलला. मी बिघडत गेलो. खोलीवर आलो की हॉटेलचा टॉवेल घेऊन झटकत राहायचो. सोलापूरचा असेल या आशेने त्या टॉवेलची पट्टी वाचली होती, पानिपतचा निघाला. कॅचरचा रोज फोन यायचा. पडतोय का? पडतोय, मी सांगायचो.

तिथे मैदानाच्या कडेला जाळीत एक जागा असते. राखीव पिचरांनी तिथे बसून राहायचं. आतला फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा. आणि बऱ्याचदा हात गरम झाल्यावर निरोप येतो, नको, बस. मी सात वेळा हात गरम केला आणि सात वेळा बसलो. बाकीचे सूर्यफुलाच्या बिया चघळत निवांत पडलेले असायचे. मी जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचो, फोनकडे बघायचो, बॉल हातात फिरवायचो, शिवण शोधायचो. बसायला जीव मागत नव्हता.

आठव्यांदा गेलो. सामना हातचा गेलेला होता, सगळे चांगले पिचर दमलेले होते, उरलो मी. पहिला बॉल बाहेर टाकला. दुसरा सरळ, जोरात, बॅटवाल्याने सोडला. मग समोरच्या कॅचरने दोन बोटं खाली दाखवली. पडका. मी मनात सगळ्या देवांची नावं घेतली, मनगट वळवलं. बॉल छातीच्या उंचीवर गेला आणि तिथेच राहिला. त्या माणसाने तो जिथे मारला तिथे मी बघितलंसुद्धा नाही. लोक कुठे बघताहेत त्यावरून समजलं. दुसऱ्या दिवशी मला विमानाचं तिकीट दिलं आणि त्या मिशीवाल्याने जाताना हातात एक बॉल ठेवला. आठवण म्हणून, म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता.

सोलापुरात मी सांगितलं, खांदा दुखावला. सगळ्यांनी मानलं. आईने तीळतेल गरम करून तीन दिवस माझा ठणठणीत खांदा चोळला आणि मी चोळून घेतला, इतका मी खजील झालो होतो. चौकातला फ्लेक्स अजून तसाच होता. उन्हाने माझा चेहरा उडाला होता आणि त्या डावखुऱ्याचं धड मात्र शाबूत होतं.

चौथ्या दिवशी मी एमआयडीसीच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. दुपारची पाळी सुटली, सायकली बाहेर पडल्या, त्यात तो. मला बघून हसला नाही. जवळ आला, म्हणाला, "खांद्याला काय बी झालेलं न्हाय तुझ्या. चालतोस त्यावरनं कळतंय की." मी खिशातून तो आठवणीचा बॉल काढून त्याच्या हातात दिला. काही सांगायच्या आधीच त्याने अंगठा शिवणीवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग सायकल स्टँडवर लावली आणि फाटकाजवळच्या कठड्यावर बसला.

"ह्याच्यावर न्हाय पडला व्हय?"

"नाही."

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. मग बराच वेळ बॉलकडेच बघत बोलला. जिल्ह्याची मॅच हरल्यावर मी सोडतो म्हणालो, तेव्हा त्याने घरी जाऊन एक बॉल पूर्ण उसवला होता. एरवीच्या जागी दुपदरी धागा घेतला, टाके मुद्दाम सैल ठेवले, शिवण उभी राहील अशी ओढली. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. उसवलेल्या शिवणीचा बॉल हवेत वाकडा जातो हे त्याने ग्लोव्हमध्ये धरून धरून ओळखलं होतं. तेव्हापासून माझ्या हातात येणारा सरावाचा प्रत्येक बॉल त्याने तसा शिवला. व्हिडिओसाठी दिलेला सगळ्यात उंच शिवणीचा.

माझं डोकं फिरलं. रस्त्यावर, कामगारांसमोर मी त्याच्यावर ओरडलो. म्हणालो, तू मला फसवलंस. इतकी वर्षं मी लोकांना मनगट दाखवत हिंडलो, आणि पडका तुझ्या सुईतून येत होता.

तो शांतपणे म्हणाला, "तू सोडून गेला असतास तर मी कुणाचा बॉल धरला असता? मला दुसरं काय येतंय रा?"

मी गाडीला किक मारून निघून आलो. पुढचे तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. आणि ते तीन आठवडे मला कुठेच करमेना. दुकानात चादरींच्या घड्या मोडायच्या आणि पुन्हा घालायच्या, गच्चीवर जायचं, टॉवेल हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. आई लॅमिनेटची पिशवी घेऊन आली तेव्हा मी पहिल्यांदा ती उघडून बसलो. एकेक सर्टिफिकेट बघताना मनात हिशेब, की यातलं माझं कुठलं आणि त्याचं कुठलं. स्पर्धेतले बॉल तर त्याने शिवलेले नव्हते ना? नव्हते. पण उभ्या शिवणीचेच होते. मग? तिथवर आलो की पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणाली, "फॉर्म भरायचाय का नुसतं बघायचंय?" मी म्हटलं, बघू दे जरा. तिने नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. तेलाची वाटी मात्र पुन्हा गरम करून आणली, आणि तेव्हा मी तिला खरं सांगून टाकलं. तिने वाटी खाली ठेवली. "त्या पोराला जेवायला बोलवून आण," एवढंच म्हणाली.

बोलवायला जायची वेळ आली नाही. रविवारी सकाळी तोच दुकानात आला. काउंटरवर त्याने तीन बॉल मांडले, आमचेच जुने, मुरमाने लाल झालेले. मी अंगठा फिरवला. शिवण चामड्यात बुडलेली होती. फाटकाशी मी त्याच्या हातात टाकून आलेला तो परदेशी बॉल त्याने टाका टाका उसवला होता, मोजला होता. एकशे आठ टाके, जपमाळेएवढे. मग बारीक एकपदरी धागा घेऊन तीन बॉल तसे शिवून पाहिले होते. पहिले दोन जमले नाहीत, पुन्हा उसवले, म्हणाला. त्याच्या तर्जनीच्या टोकाला सुईची भोकं काळी पडली होती.

"चल," तो म्हणाला. "आता कळू दे. तुला बी आणि मला बी."

वडिलांनी गल्ल्यामागची माझी जागा घेतली.

मैदानावर ऊन कोवळं होतं, माझ्या पाठीमागून येणारं. तो बसला. मी फेकायला लागलो. पहिले दहा हात मोकळा करायला. मग पडका. सरळ गेला. पुन्हा टाकला. पुन्हा. हात दुखायला लागला, टी-शर्ट अंगाला चिकटला, मी थांबेना. पंचविसावा की तिसावा असेल, बॉल सुटला आणि ग्लोव्ह त्याच्या गुडघ्याजवळ जाऊन थांबला.

"पडला की!" तो ओरडला. "बघितलास? पडला!"

मी बघितलं होतं. ऊन पाठीमागून असल्यामुळे त्या दिवशी मला बॉलची सगळी वाट दिसत होती. बॉल त्याच्या छातीशी आला. तिथे त्याने तो धरला, आणि धरलेला बॉल घेऊन ग्लोव्ह गुडघ्यापर्यंत खाली गेला. इतक्या सराईत हाताने, की दहा वर्षांत मला एकदाही शंका आली नव्हती.

मला पुन्हा राग यायला हवा होता. आला नाही. मी पाठ फिरवून पाणी प्यायलो. हा माणूस मी हरू नये म्हणून सुई घेऊन बसला होता, आणि सुई पुरत नव्हती तिथे हात खाली नेत होता. माझ्यावर इतका जीव टाकणारा दुसरा कुणी नाही, आणि माझा बॉल खरा कसा जातो हे मला न सांगणाराही हाच एक.

मी किटबॅगेतून माझा टॉवेल काढला, गच्चीवरचा, लाल पट्ट्याचा. कॅचरच्या मागे असते त्या जाळीला तो चारी टोकांनी बांधला, पट्टा गुडघ्याच्या उंचीवर येईल असा. मग त्याला म्हणालो, "तू ऊठ. बाजूला उभा राहा."

"मी धरतो की."

"नको. तू नुसतं बघ. बॉल पट्ट्यावर लागला तर पडला. वर लागला तर नाही. जे दिसेल ते सांग."

तो उठला. त्याला काय करावं समजेना. ग्लोव्ह काढला, घातला, पुन्हा काढला, शेवटी दोन्ही हात पाठीमागे बांधून जाळीशेजारी उभा राहिला. इतक्या वर्षांत समोर तो नसताना मी कधी फेकलं नव्हतं. मी शिवणीवर बोटं ठेवली. शिवण जवळजवळ नव्हतीच. फेकला.

टॉवेल फडफडला. त्याने जवळ जाऊन टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड एकदा उघडलं, मिटलं, आणि मला वाटलं आता हा पुन्हा तेच म्हणणार.

"न्हाय," तो म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. "न्हाय पडला. वर लागला, वीतभर वर."

मग वाकून त्याने बॉल उचलला, पँटला पुसला आणि माझ्याकडे टाकला.

"दुसरा टाक."